काळप्रवासाची रोमँटिक कॉमेडी लिहिताना: नियम किती हवेत, आणि साधा दिवस कसा दाखवायचा?

कोरं_पान

काळप्रवास असलेली हलकीफुलकी प्रेमकथा पटकथा म्हणून लिहायला घेतली की गाडी दोन ठिकाणी अडते. जाणकारांची मतं हवी आहेत.

पहिली अडचण: नायक मागे जाऊन चूक सुधारू शकतो म्हटलं की धाकधूकच संपते. फसलं तर पुन्हा जाईल, हे प्रेक्षकाला माहीत असतं. म्हणून नियम घालावे लागतात. ते किती, आणि कधी सांगायचे?

दुसरी: शेवटाकडे नायकाला रोजच्या साध्या दिवसाची किंमत कळते, हे अशा गोष्टीचं हमखास वळण. तोंडाने बोलून दाखवलं की प्रवचन होतं. दृश्यातून कसं आणायचं?

आराखडा असा. ९० मिनिटं, म्हणजे साधारण ९० पानं. नवरा-बायको, घर, एकच सकाळ. मनगटावरचं घड्याळ उलटं बांधलं की नायक त्याच सकाळी ७ वाजता परत जातो. निघायच्या घाईत त्याच्या शर्टाचं बटण तुटतं आणि ती ते अंगावरच शिवून देते. दुसऱ्या फेरीत तो आधीच दुसरा शर्ट घालतो आणि चार मिनिटं वाचवतो. पुढे काय?

तिसरी_घंटा

नियम तीन पुरेत. कसं जायचं, कुठवर जायचं, आणि गेल्यावर काय गमवायचं. पहिले दोन पहिल्या १५ पानांत सांगून टाका. तिसरा मध्यंतरापर्यंत झाकून ठेवा.

‘अबाउट टाइम’ (२०१३) याच बांधणीचा आहे. २१ वर्षांच्या मुलाला वडील सांगतात: अंधाऱ्या जागी जा, मुठी आवळ, जिथे जायचंय तो क्षण आठव. फक्त स्वतःच्या आयुष्यात आणि फक्त मागे. घराण्यातल्या पुरुषांनाच हे जमतं. एका संभाषणात काम उरकलं. किंमत मात्र बरीच उशिरा कळते, मूल झाल्यावर.

शाईचा_डाग

तिसरी_घंटा यांच्याशी सहमत, फक्त नियम आणि कारण यांत गल्लत नको. हे का घडतं ते सांगायची गरज नसते, कसं घडतं ते सांगावंच लागतं. ‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) मध्ये नायकाला २ फेब्रुवारी हाच दिवस पुन्हा पुन्हा जगावा लागतो. असं का, याचं उत्तर अख्ख्या चित्रपटात नाही. लेखनाच्या एका टप्प्यावर जुन्या प्रेयसीचा शाप असं कारण घातलं होतं, ते काढून टाकलं. बरं झालं. कारण दिलं की प्रेक्षक त्यावर उतारा शोधायला लागतो आणि माणसाकडे बघायचं विसरतो.

घड्याळ उलटं बांधलं की नायक मागे का जातो, हे कोरं_पान यांनी अजिबात सांगू नये.

वाटसरू_७

माझा आक्षेप जरा वेगळा आहे. नियमांनी धाकधूक येत नाही, हुकलेल्या प्रयत्नाने येते. त्याच ‘अबाउट टाइम’मध्ये बहिणीची मैत्रीण उन्हाळ्यात राहायला येते. नायक तिच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी मनातलं सांगतो. ती म्हणते, आधी सांगायला हवं होतंस. तो मागे जाऊन आधी सांगतो. आता ती म्हणते, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू या. दोन्हीकडून नकारच. कितीही फेऱ्या मारल्या तरी समोरच्याचं मन वळत नाही, हे पहिल्या अर्ध्या तासातच पक्कं बसतं. त्यानंतर त्याने कितीही वेळा मागे जावं, प्रेक्षक निर्धास्त बसत नाही.

तिसरी_घंटा

@वाटसरू_७, बरोबर. मग तो चौथा नियम धरा: काळ बदलेल, माणूस बदलणार नाही.

अर्धविराम

नियमांची गोष्ट निघालीच आहे तर एक जुनी शंका. ‘अबाउट टाइम’मध्ये बहीण दारूच्या नशेत गाडी ठोकते. नायक तिला हाताला धरून जुन्या पार्टीत नेतो, वाईट मित्राची ओळखच होऊ देत नाही. परत येतो तर त्याच्या लहान मुलीच्या जागी भलताच मुलगा. वडील समजावतात की गर्भधारणेच्या आधीचं काहीही हललं की तेच मूल राहत नाही. इथवर ठीक.

मग वडील वारतात. तिसरं मूल पोटात असताना नायक मागे जाऊन वडिलांना भेटत राहतो आणि म्हणतो, बाळ जन्मलं की भेटी बंद. पण मर्यादा गर्भधारणेची असेल तर भेटी नऊ महिने आधीच थांबायला हव्या होत्या! शिवाय, फक्त पुरुषांना जमतं म्हटलं आणि बहिणीला घेऊन गेला, ते कसं?

शाईचा_डाग

बहिणीचं सोपं आहे. शक्ती पुरुषांनाच, असं सांगितलंय. सोबत कुणाला नेता येत नाही असं कुठेच म्हटलेलं नाही. वाचताना पळवाट वाटते, पडद्यावर खटकत नाही, कारण त्या क्षणी आपल्याला बहीण बचावायला हवी असते.

नऊ महिन्यांचं गणित मात्र खरंच चुकतं.

निळी_रेघ

गणित चुकतं, भावना चुकत नाही. पोटातल्या बाळाचा चेहरा अजून कुणी पाहिलेला नाही. त्याच्या जागी दुसरं आलं तरी काय गेलं ते नायकाला कळणार नाही. एकदा हातात घेतलं की मग हेच हवं, दुसरं नको. पहिल्या वेळी तो मुलीच्या जागी आलेल्या मुलाकडे बघतो तेव्हा त्या मुलात खोट काहीच नसते. फक्त तो त्याची ‘ती’ मुलगी नसतो. म्हणजे नियम जीवशास्त्राचा नाही, ओळखीचा आहे.

कोरं_पान यांच्या कामाचा मुद्दा इथेच आहे. नियम असा शोधा की तो मोडला तर नायकाच्या ओळखीचं काहीतरी जाईल. घड्याळ तीनदाच चालेल, बॅटरी संपेल, प्रत्येक फेरीला एक केस पांढरा होईल, या मर्यादा कोरड्या पडतात. मोजदाद होते, जीव तुटत नाही.

वाटसरू_७

+१. केस पांढरे होण्याची कल्पना मात्र रंगभूषाकाराला आवडेल.

अर्धविराम

@निळी_रेघ, हे पटलं. ‘ओळखीचा नियम’ हा शब्द उचलतोय.

खिडकीपाशी

सगळे नियमांत रमलेत, मला नायिकेची काळजी वाटते. त्याला सगळं माहीत, तिला काहीच नाही. तिला काय आवडतं ते एका फेरीत विचारायचं आणि पुढच्या फेरीत आपलंच म्हणून सांगायचं, ही फसवणूक आहे. विनोदी संगीत लावलं म्हणून ती गोड होत नाही. ‘अबाउट टाइम’मधल्या बायकोला हे शेवटपर्यंत कळत नाही. चित्रपट फार आवडता असूनही तिथे ठेच लागते.

शाईचा_डाग

‘ग्राउंडहॉग डे’ने या आक्षेपाला सरळ उत्तर दिलंय. नायक तिचं आवडतं पेय, तिची मतं, सगळं पाठ करतो आणि दरवेळी रात्री थोबाडीत खातो. संकलनात त्या थोबाडीत एकापाठोपाठ एक लावल्या आहेत. माहिती जमवली की ती मिळेल हा त्याचा समज तिथे मोडतो. पुढे तो पियानो शिकतो, लोकांच्या उपयोगी पडतो, आणि एका म्हाताऱ्या निराधार माणसाला काही केल्या वाचवू शकत नाही. त्यानंतर ती आपणहून त्याच्याकडे वळते.

खिडकीपाशी

हो, म्हणूनच तो जास्त प्रामाणिक वाटतो. ‘पाम स्प्रिंग्ज’ (२०२०) आणखी पुढे जातो, तिथे दोघंही एकाच दिवसात अडकतात. तरीही त्याने तिच्यापासून एक गोष्ट लपवलेली असते: ती अडकण्याआधी ते दोघं अनेकदा एकत्र आले होते, तिला आठवत नाही एवढंच. ते बाहेर येतं तेव्हा खरं भांडण होतं. प्रेमकथेतलं भांडण काळप्रवासाच्या पोटातून निघायला हवं. बाहेरून आणलेला गैरसमज इथे चालत नाही.

तिसरी_घंटा

या मुद्द्यावर माझं वेगळं मत. गुपित उघड झालंच पाहिजे असा हट्ट धरला तर शेवटची वीस पानं कबुली, राग आणि समजूत यांत जातात, साध्या दिवसाला जागा उरत नाही. ‘अबाउट टाइम’ने बायकोला सांगितलं नाही आणि वाचलेली जागा वडिलांना दिली. ही निवड आहे, चूक नव्हे.

खिडकीपाशी

निवड असेल, पण तिची किंमत नायिका भरते. कबुली न देताही तिला काहीतरी कळू द्यावं. ती ओळखते, बोलत नाही, इतकं तरी.

पडद्यामागे

आता थोडं कामाचं. असली पटकथा लिहिताना पहिल्या दिवसापासून तक्ता ठेवा. चार रकाने: प्रसंग क्रमांक, गोष्टीतली वेळ, ही नायकाची कितवी फेरी, आणि कोणाला काय माहीत. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. या प्रकारात हमखास होणारी चूक म्हणजे नायिका दुसऱ्या फेरीत ऐकलेली गोष्ट तिसऱ्या फेरीत बोलून जाते. वाचताना कुणाच्या लक्षात येत नाही, चित्रीकरणाला नट विचारतो तेव्हा घाम फुटतो.

प्रसंगांना १२, १२-अ, १२-आ असे क्रमांक द्या. नवा आकडा दिला तर पुनरावृत्ती आहे हे कोणाला कळणार नाही.

भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी काढून ठेवायची आणि प्रत्येक शॉटला काटे हाताने लावायचे. चालू घड्याळ ठेवलं तर संकलनात ७:०४ नंतर ६:५१ दिसतं, आणि काळप्रवासाच्या चित्रपटात प्रेक्षक घड्याळाकडे बघतच असतो. सकाळचं ऊन खिडकीबाहेरून दिव्याने टाका. खऱ्या उन्हाच्या भरवशावर तीन फेऱ्या जुळत नाहीत.

बटणाचं म्हणाल तर एकाच जातीचे चार शर्ट तरी लागतील. तुटायचं बटण दोनच धाग्यांवर, गाठ न मारता अडकवून ठेवा, म्हणजे हलक्या ओढीने सुटतं. प्रत्येक टेकनंतर ते पुन्हा अडकवायला माणूस हवा. घरंगळण्याचा आवाज वेगळा ध्वनिमुद्रित करा. आणि पहिली फेरी सलग, पूर्ण चित्रित करून घ्या, मगच तुकड्यांना हात लावा. नटांच्या अंगात त्या सकाळची लय एकदा बसली की पुढे कापलेल्या शॉटमध्येही ती टिकते.

कोरं_पान

@पडद्यामागे, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा आहे. एक विचारतो: पहिली फेरी पूर्ण, मग पुढच्या किती मोठ्या? तोच प्रसंग तीनदा बघताना कंटाळा येणार नाही?

पडद्यामागे

ठोकताळा असा: पहिली फेरी चार मिनिटांची असेल तर दुसरी दोनची, तिसरी तीस सेकंदांची. पण दरवेळी सुरुवातीला तीच एक खूण हवी, बघताक्षणी ओळखू येणारी. ‘ग्राउंडहॉग डे’मध्ये सकाळी ६ चा रेडिओ आणि तेच गाणं. तुमच्याकडे नळाचं ठिबकणं असू शकतं, बंद पडत आलेल्या लिफ्टचा आवाज असू शकतो. खूण दोन सेकंदांची पुरते.

आणि शेवटची फेरी परत पूर्ण चार मिनिटांची ठेवा. तोवर प्रेक्षकाला छोट्या तुकड्यांची सवय लागलेली असते. अचानक कोणी कापत नाही, कॅमेरा थांबतो, तेव्हा तो पुढे सरकून बसतो.

निळी_रेघ

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पडद्यामागे यांच्या शेवटच्या ओळीत दडलंय. त्यात एक भर. साधा दिवस सुंदर करून दाखवायला नवं काही आणू नका. ‘अबाउट टाइम’मध्ये वडिलांचा सल्ला असतो की दिवस एकदा नेहमीसारखा जगायचा आणि मग तोच दिवस परत जगायचा. पहिल्यांदा नायक दुकानातल्या मुलीकडे न बघता पैसे देतो, न्यायालयातून धावत सुटतो, गाडीत शेजाऱ्याच्या हेडफोनमधून येणाऱ्या आवाजाने वैतागतो. दुसऱ्यांदा त्या मुलीकडे बघून हसतो, मान वर करून इमारत बघतो, शेजाऱ्याच्या संगीतावर ठेका धरतो. दुसऱ्या दिवसातली प्रत्येक गोष्ट पहिल्या दिवसात चौकटीत होतीच. नायकाचं, आणि आपलंही, लक्ष नव्हतं.

म्हणजे लिहिताना काम उलटं करायचं. आधी शेवटची फेरी लिहा, तिथे काय काय दिसतं त्याची यादी करा, आणि ते सगळं पहिल्या फेरीत चौकटीच्या कडेला ठेवून या. एखादी गोष्ट शेवटी पहिल्यांदाच दिसली, तर ती योगायोगाने सुंदर वाटते आणि नायकाचं श्रेय जातं.

शाईचा_डाग

पहिली फेरी वाईटही करू नये. पुष्कळजण तिथे पाऊस, भांडण, साहेबांची बोलणी असं सगळं कोंबतात, म्हणजे शेवट उजळ दिसेल. मग प्रेक्षकाला वाटतं की दिवसच सुधारला.

रंगपट्टी

नाटकवाल्यांकडून एक जुनं उदाहरण. थॉर्नटन वाइल्डर यांचं ‘अवर टाउन’ (१९३८). तिसऱ्या अंकात बाळंतपणात गेलेल्या एमिलीला आयुष्यातला एक दिवस परत जगायची मुभा मिळते. इतर मृत तिला बजावतात, जायचंच असेल तर अगदी बिनमहत्त्वाचा दिवस निवड. ती बारावा वाढदिवस निवडते. आई स्वयंपाकघरात कामात असते, बोलते, पण लेकीकडे नीट बघत नाही. एमिलीला ते सोसवत नाही, ती परत फिरते.

ती रोमँटिक कॉमेडी नाही, हे मान्य. पण ‘बिनमहत्त्वाचा दिवस’ हा सल्ला सोन्यासारखा आहे. लग्नाचा, साखरपुड्याचा, पहिल्या भेटीचा दिवस निवडला की प्रसंगच मोठा ठरतो, बघणाऱ्याची नजर नाही. आणि त्या नाटकात जवळजवळ नेपथ्य नाही, बहुतेक वस्तू अभिनयातून दाखवतात. रोजचं घर उभं करायला सामान लागत नाही, क्रिया अचूक लागतात.

अर्धविराम

मागे जाण्याऐवजी पुढे गेलं तर? ‘बार बार देखो’ (२०१६) मध्ये नायक आपोआप पुढच्या वर्षांत जागा होत जातो आणि मधला संसार त्याच्या हातून निसटलेला असतो.

तिसरी_घंटा

पुढे जाण्यात अडचण ही की प्रेक्षकाने मधली वर्षं पाहिलेली नसतात, त्यामुळे काय हुकलं ते संवादातून सांगावं लागतं. मागे जाणाऱ्या गोष्टीत जे हरवतं ते आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं. कोरं_पान यांच्या आराखड्यात ते बटण आपण बघितलंय. मागेच राहू द्या.

खिडकीपाशी

मग त्या बटणाकडेच येऊ या. दुसऱ्या फेरीत त्याने शर्ट बदलला, चार मिनिटं वाचली आणि ती चार मिनिटं गेली. त्याला ते कधी कळतं?

निळी_रेघ

लगेच नको. आधी त्याने त्या चार मिनिटांचा उपयोग करावा, वेळेवर पोचावं, काम फत्ते व्हावं. रात्री घरी आल्यावर ती बोलते, नेहमीसारखीच, पण सकाळी शिवताना सांगितलेली एक गोष्ट या फेरीत तिने सांगितलेलीच नाही. ती सांगायला तिला ती चार मिनिटं मिळालीच नव्हती. त्याला माहीत आहे, तिला माहीत नाही की त्याला माहीत आहे. आता ती गोष्ट त्याला तिच्याकडून ऐकायची असेल तर परत जायला हवं.

वाटसरू_७

आणि तिसऱ्या फेरीत तो मुद्दाम बटण तोडतो. कॉमेडी इथे आहे. तोच जुना शर्ट घालतो, बटण तुटायची वाट बघतो, आज ते तुटतच नाही. शेवटी स्वतःच ओढतो.

पडद्यामागे

थांबा, हे पकडा! झिजून तुटलेलं आणि ओढून तोडलेलं बटण शिवणाऱ्याला लगेच ओळखू येतं. झिजलेल्या बटणाचा धागा पिंजलेला असतो, भोकांत मऊ तुसं राहतात, कापड सपाट असतं. ओढून काढलं तर धाग्याआधी कापड ताणतं, चुणी पडते, कधी बारीक छिद्रही. कात्रीने कापलं तर टोकं सगळी एका उंचीची. ती सुईत दोरा ओवून जवळ आली की तिला दिसणारच.

खिडकीपाशी

मिळालं की! ती चुणीवरून अंगठा फिरवते, त्याच्याकडे बघते, काही विचारत नाही. बटण शिवायला लागते. त्याचं गुपित उघड झालं नाही, कबुलीची वीस पानं लागली नाहीत, आणि तिला मात्र एवढं कळलं की याला आज इथे थांबायचं होतं. माझा मघाचा आक्षेप मागे.

तिसरी_घंटा

आणि ती गोष्ट ती सांगते की नाही?

निळी_रेघ

पहिल्या फेरीतली नाही सांगत. दुसरीच काहीतरी सांगते. माणूस बदलत नाही पण सकाळ तीच नाही, त्याने ती हलवली. पहिली गोष्ट आता फक्त त्याच्याजवळ. हा तुमचा ओळखीचा नियम.

रंगपट्टी

शिवताना शेवटी दोरा ती दातांनी तोडते का? तोडत असेल तर पहिल्या फेरीतही तोडायला हवा, आणि तेव्हा त्याचं लक्ष घड्याळाकडे हवं. शेवटच्या फेरीत तिचं डोकं त्याच्या छातीशी टेकतं ते त्याला कळायला हवं. अंतर तेवढंच, वेळ तेवढाच.

कोरं_पान

दातांनीच. पहिल्या फेरीत लिहिलं नव्हतं, आता घालतो. शेवटची फेरी आधी लिहायची हेही ठरलं. यादी सुरू केली आहे: चुणी, अंगठा, दोरा, नळाचं ठिबकणं, भिंतीवर ७:१६.

@पडद्यामागे, एक राहिलं. चुणी कॅमेऱ्यात दिसायला शर्ट कसला घ्यावा?

पडद्यामागे

फिका, एकरंगी, साधा सुती. चौकडा किंवा रेघा घेतल्या तर चुणी हरवते. धागा बटणाच्या रंगाहून किंचित गडद घ्या, म्हणजे जवळच्या शॉटमध्ये टाके मोजता येतील. चार भोकांचं बटण घ्या, दोन भोकांचं फार लवकर शिवून होतं.